वहिनींचे डोळे आणि माझी पोथी

माझ्या वहिनींनी उतारवयात हौसेपायी डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं आणि हातचं कसब घालवून बसल्या, असं आमच्या नात्यात आणि पनवेलच्या बाजारात बोललं जातं. ते खरं नाही. हौस माझी होती आणि खोटंही माझंच होतं. गेली दहा-अकरा वर्षं वहिनी ते बोलणं ऐकून घेत आल्या आणि मी शेजारी बसून बशीतला चहा ओढत आलो. त्या ओढण्याच्या आवाजाची आता मला शिसारी येते. म्हणून हे लिहितो आहे.

आमचं घराणं दागिने गाठवणाऱ्यांचं. सोनार वाट्या आणि मणी घडवून देतो. ते दोऱ्यात ओवून, जागच्या जागी गाठी मारून गळ्यात घालण्याजोगं करणारा माणूस वेगळा असतो. जुन्या पनवेलच्या बाजारात, सराफांच्या ओळीच्या शेवटी वडिलांची गादी होती. एक फळी, भिंतीत दोरा अडकवायचा खिळा, मेणाचा गोळा आणि समोर बायकांना बसायला बाकडं. एवढंच दुकान. थोरला भाऊ पंधराव्या वर्षी त्या गादीवर बसला म्हणून मी कॉलेजात जाऊ शकलो आणि शाळेत विज्ञानाचा मास्तर झालो. घरचे काय करतात असं शाळेत कुणी विचारलं तर मी सांगायचो, "भावाचा दागिन्यांचा व्यवसाय आहे." ऐकणाऱ्याला सराफी पेढी वाटायची. मी ती वाटू द्यायचो.

भाऊ अचानक गेला तेव्हा गादी बंद पडणार असं आम्ही धरून चाललो होतो. शेवटच्या काही वर्षांत त्याचे हात थरथरायचे आणि निम्मं काम वहिनी घरी बसून करायच्या, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. महिन्याभराने त्या गादीवर जाऊन बसल्या आणि खिळ्याला दोरा अडकवला.

मंगळसूत्र गाठवायला आलेली बाई ते ठेवून घरी जात नाही. गळा मोकळा राहू नये म्हणून हळदीत बुडवलेला दोरा बांधते आणि काम होईपर्यंत समोर बसून राहते. म्हणजे गाठवणाऱ्याचं सगळं काम मालकिणीच्या डोळ्यांदेखत. मणी घरंगळला, दोऱ्याचं टोक चुकलं, की समोर आठी पडलीच. 'तुटलं' हा शब्द त्या बाकड्यावर कुणी उच्चारत नसे, 'वाढलं' म्हणायचं. वहिनींच्या हातचं काही वाढल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. त्या विधवा आणि काम सौभाग्याचं. तरी इतक्या वर्षांत कुणी ब्र काढला नाही. हात असे चालायचे की त्यांच्या कपाळाकडे बघायला कुणाला सवडच नव्हती.

उलव्याकडच्या एका गावातली बाई यायची. जमीन विमानतळात गेली आणि गळ्यात सोनं आलं. दर दिवाळीआधी ती नवे मणी घेऊन हजर.

"मावशी, आमचा गाठवायचा त तुमीच. दुसऱ्याच्या हातात मी देनार नाय."

"दर वर्षी एक पदर घालतेस. मान आहे की खुंटी?" वहिनी म्हणायच्या.

"मान हाय तवर घालून घेते. पुडं कोन इचारतंय."

आणि दोघी हसायच्या. मी शाळेतून येताना कधी त्या बाकड्याच्या टोकाला टेकायचो आणि ओळखीचं कुणी दिसलं की उठायचो.

चाळिशी सगळ्यांनाच लागते. मला लागली, वहिनींनाही लागली. मी वर्गात त्याला 'वृद्धदृष्टिता' म्हणून शिकवायचो. फळ्यावर डोळा काढायचा, आत भिंग दाखवायचं आणि सांगायचं: वय वाढतं तसं हे भिंग कडक होत जातं, जवळचं बघायला जेवढं फुगायला हवं तेवढं फुगत नाही, म्हणून आजोबा पेपर लांब धरतात. पोरं हसायची. हे मी तीस वर्षं शिकवलं. मला माहीत नव्हतं असं म्हणण्याची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

चष्म्याचा मला मनापासून तिटकारा होता. नाकाशी टेकणाऱ्या त्या दोन बारक्या चकत्यांखाली हिरवट मळ साचतो. तो मी काडेपेटीच्या काडीने कोरून काढायचो आणि त्याचा वास घ्यायचो. का घ्यायचो, माहीत नाही. स्वतःच्या म्हातारपणाचा वास होता तो. निवृत्त झालो त्या वर्षी ठरवलं की हे लोढणं काढून टाकायचं.

हमरस्त्यावर काचेची नवी इमारत झाली होती. खाली मिठाईवाला, वर डोळ्यांचा दवाखाना. लिफ्टमध्ये तळणीच्या तुपाचा वास आणि दार उघडलं की गुलाबाच्या फवाऱ्याचा. दोन्ही मिळून घशात बसायचे. माहिती द्यायला एक मुलगी होती. "अंकल, चष्म्याने एज दिसतं ना. तुम्ही तर किती फिट आहात," ती म्हणाली. माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची ती. मी पोट आत ओढून बसलो.

डॉक्टरांनी मात्र नीट सांगितलं, हे नोंदवायला हवं. एक डोळा लांबच्यासाठी ठेवायचा, दुसरा लेझरने जवळच्यासाठी वळवायचा, मेंदू दोन्ही जुळवून घेतो. मग म्हणाले, "काका, रोजचं भागेल. पण बारीक कामाला, कमी उजेडात, चष्मा लागू शकतो. आणि दोन्ही डोळ्यांनी मिळून जो अंदाज येतो ना, पुढचं किती पुढे, मागचं किती मागे, तो थोडा कमी होतो." हे वाक्य मी ऐकलं, समजलं आणि गिळलं.

ऑपरेशनला फार वेळ लागला नाही. पापण्या चिमट्याने ताणून उघड्या ठेवल्या. डोळ्यावर काहीतरी चोखणारं बसलं आणि क्षणभर सगळं काळं झालं. मग लाल ठिपका, टिकटिक, आणि वास. कोंबडी भाजताना उरलेली पिसं जळतात तसा. "वास येईल, घाबरू नका," डॉक्टर म्हणाले. मी घाबरलो नव्हतो. माझंच पारपटल, डोळ्यावरचा पारदर्शक पडदा, जळतंय आणि ते मी नाकाने हुंगतोय, एवढंच डोक्यात होतं. पुढचे काही दिवस डोळ्यांतून चिकट पाणी यायचं आणि सकाळी पापण्या पिवळ्या खपलीने चिकटलेल्या असायच्या. बायको उकळलेल्या कापसाने पुसायची.

"हलू नका. नवरदेव व्हायचंय ना?"

"थट्टा नको."

"थट्टा कुठे करतेय, पू पुसतेय."

श्रावण लागला. आमच्या आळीच्या देवळात श्रावणभर पोथी लागते आणि वडिलांच्या पश्चात ती मीच वाचत आलो. रोज संध्याकाळी एक अध्याय. वडिलांचा एक नियम होता: पोथी म्हणायची नसते, वाचायची असते. पाठ असली तरी पान समोर हवं, ओळीखाली बोट हवं. तो मी पाळत आलो. त्यामुळे मला पोथी पाठ आहे हे देवळात कुणालाच माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याही ध्यानात नव्हतं. चाळीस वर्षांत शब्द कधी तोंडात जाऊन बसले ते कळलंच नाही.

पहिल्या संध्याकाळी मी चष्म्याशिवाय बसलो. सुट्या पानांवरची जाड काळी अक्षरं समोर होती, बोट ठेवलं आणि वाचू लागलो. सरसर. बायकांच्या रांगेत कुजबुज झाली. संपल्यावर एकजण म्हणाल्या, "मास्तर, चष्मा?"

"सुटला," मी म्हणालो.

त्या शब्दाची चव मला अजून आठवते. गोड होती. वहिनी मागच्या खांबाला टेकून बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःचा चष्मा काढून पदराने पुसला आणि परत लावला.

तिसऱ्या आठवड्यात मी पोथी बांधायला घेतली. कापडात गुंडाळण्याआधी पानं क्रमाने लावायची असतात. पाहतो तर दमट हवेने दोन पानं एकमेकांना चिकटलेली, आणि वर पुढच्या अध्यायाचं पान. म्हणजे त्या संध्याकाळी माझं बोट एका अध्यायाच्या ओळींखाली फिरत होतं आणि तोंड दुसराच अध्याय म्हणत होतं. बरोबर म्हणत होतं, एक अक्षर चुकलं नव्हतं. समोरचं मी वाचतच नव्हतो. ते पान मी डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, दिव्याखाली आणलं. अक्षरं होती, पण कडा फुटलेल्या, डाळीच्या फुगलेल्या दाण्यांसारख्या. घरी येऊन औषधाची पट्टी पाहिली. तिच्यावर अक्षरं नव्हती, मुंग्या होत्या.

त्याच दिवशी सांगितलं असतं तर ही गोष्ट चारजणांच्या हसण्यावर संपली असती. मी काय केलं, तर शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्तीच्या वेळी आठवण म्हणून आणलेलं भिंग शोधलं आणि न्हाणीघरात लपवलं. विजेचं बिल, मोबाइलवरचे निरोप, सगळं आत कडी लावून वाचायचो. बायकोने आठव्या दिवशी पकडलं.

"विज्ञानाचे मास्तर मोरीत कसला प्रयोग करतात रोज?"

तिने भिंग हातात घेऊन माझ्याकडे पाहिलं. भिंगातून तिचा एक डोळा भलामोठा दिसत होता.

"नाही ना दिसत?"

"दिसतं. कधीकधी दिसतं."

"मग लोकांना तसंच सांगा. कधीकधी."

सांगितलं नाही. उलट दवाखान्याने ज्येष्ठ नागरिकांच्या सभागृहात शिबिर घेतलं तेव्हा मला शाल आणि नारळ दिला, कॅमेऱ्यासमोर उभं केलं आणि हातात वर्तमानपत्र ठेवलं. मी ते बाजूला सारून म्हणालो, "पेपर नको. पोथीच वाचतो. शुभ असतं." पिशवीतून पान काढलं आणि घडाघडा वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या. हे अजाणता झालं नाही. पोथी मी घरून मुद्दाम पिशवीत घालून नेली होती. वडिलांनी जिच्या पानावर कधी खोटं बोट ठेवलं नाही, ती मी गारुड्याच्या टोपलीसारखी वापरली. दवाखान्याने ते चित्रीकरण बसायच्या खोलीतल्या टीव्हीवर लावून ठेवलं. दिवसभर माझं तोंड तिथे उघडझाप करत असायचं.

गणपतीनंतरच्या एका दुपारी मी बाकड्यावर बसलो होतो. गिऱ्हाईक नव्हतं. वहिनींनी मेण लावलेला दोरा खिळ्यावरून सोडवला आणि विचारलं.

"भाऊजी, त्या टीव्हीवर तुम्ही दिसता म्हणे."

"दाखवतात खरे."

"चष्मा अगदीच लागत नाही?"

"तुम्ही बघता की देवळात."

"पोथीची अक्षरं मोठी असतात. मला मण्याचं भोक दिसायला हवं." त्यांनी बोटाच्या टोकावर एक काळा मणी धरला. मोहरीएवढा. "घामाने चष्मा घसरतो, हाताला मेण असतं, मनगटाने वर ढकलावा लागतो. नव्या बायका लगेच विचारतात, आजी दिसतंय ना? हे भोक दिसेल का, ते सांगा. तुम्ही सांगाल तसं करते."

डॉक्टरांचं ते वाक्य माझ्या जिभेवर होतं. शब्दन् शब्द. पाठ करण्यात मी कधी कमी पडलो नाही. तो मणी मला दिसत होता, त्याचं भोक मला दिसत नव्हतं. आणि मी म्हणालो, "वहिनी, मी विज्ञानाचा मास्तर. समजल्याशिवाय करून घेतलं असतं का?"

त्यांनी मणी डबीत टाकला आणि म्हणाल्या, "मग करूया."

पुतण्या कळंबोलीला पोलादाच्या बाजारात एका गाळ्यावर हिशेब बघतो. त्याला सुट्टी मिळेना म्हणून वहिनींबरोबर दवाखान्यात मी गेलो. आता जे लिहायचं आहे ते मी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

वहिनींना आत डोळ्यांत थेंब घालायला नेलं होतं. मी बाहेर फॉर्म भरायला बसलो. अक्षरं दिसत नव्हती म्हणून माहिती देणाऱ्या त्या मुलीलाच म्हणालो, तू विचार, मी सांगतो. समोरच्या खुर्च्यांवर माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचे दोन पालक बसले होते. टीव्हीवर मी होतो आणि टीव्हीखालीही मी होतो, त्यामुळे त्यांचं सगळं लक्ष माझ्याकडे.

मुलीने विचारलं, "आंटी काय करतात? शिवणकाम, विणकाम, असं डोळ्यांजवळचं बारीक काही? ते असलं तर सर वेगळा विचार करतात. आधी लेन्स लावून महिनाभर घरी ट्राय करायला देतात."

अगदी याच शब्दांत विचारलं. मी समोरच्या दोन पालकांकडे पाहिलं. माझी भावजय बाजारात फळीवर बसून परक्या बायकांची मंगळसूत्रं ओवते, हे मला त्या दोघांसमोर म्हणवेना. मी म्हणालो, "छे, घरीच असतात. गृहिणी."

तिने ते लिहिलं. पुढे डॉक्टरांनी कागद बघून वहिनींना म्हटलं, "घरचंच काम ना, मग हरकत नाही," आणि वहिनींनी मान डोलावली. मी सगळं सांगून ठेवलं असणार असं त्यांना वाटलं.

लेझर झाल्यावर त्यांच्याही पापण्यांवर तशीच पिवळी खपली आली. महिन्याने त्या गादीवर बसल्या. मी मुद्दाम गेलो होतो. खिळ्याला दोरा, डाव्या हातात मणी, उजव्या हातात सुई. सुई मण्याच्या शेजारून गेली. पुन्हा केलं, पुन्हा शेजारून. मणी जिथे दिसत होता तिथे तो नव्हता. त्यांनी एक डोळा मिटला, मग दुसरा. दिव्याखाली सोन्याचे मणी तारे फुटल्यासारखे पसरतात म्हणाल्या. नंतर डॉक्टरांनी दोन काचांना दोन निराळे नंबर देऊन चष्मा करून दिला. पण डोळे कोरडे पडून चुरचुरायचे आणि तासाभरात सगळं हलायला लागायचं. लेझरने जे कोरलं ते परत भरत नाही, हे मी त्यांना समजावून सांगितलं. विज्ञानाचा मास्तर म्हणून.

उलव्याची बाई त्या वर्षीही आली. तीन तास बसली, एरवी तासाचं काम. उठताना म्हणाली, "दिसत नाय त काय झाला, हात हाय ना." पण सगळ्या तशा नसतात. नव्या वसाहतीतल्या एका बाईंचं मंगळसूत्र चौथ्या दिवशी वाढलं. गाठ पूर्ण बसली नव्हती आणि वहिनींना ते दिसलं नव्हतं. बाई भर बाजारात येऊन उभ्या राहिल्या, मूठ उघडून मणी फळीवर ओतले आणि म्हणाल्या, "आमचंच चुकलं. विधवेच्या हातून सौभाग्याचं काम करून घ्यायचं नसतं, सासूबाई सांगत होत्या."

इतक्या वर्षांत जे कुणी म्हटलं नव्हतं ते एका सैल गाठीने बाहेर आलं. शेजारचे सराफ खाली बघत होते. वहिनी मणी गोळा करू लागल्या. एकेक मणी बोटाला लागेपर्यंत त्या फळीवर हात फिरवत होत्या. मी रस्त्याच्या पलीकडे होतो. मी रस्ता ओलांडला नाही.

पुढच्या वर्षी गादी गेली. पुतण्याने तिथे मोबाइलची कव्हरं टांगली. आणि लोकांना कारण हवंच असतं, तसं त्यांनी शोधलं: म्हातारीला चष्म्याची लाज वाटली, दिराचं बघून हौस केली. दिराला लाभलं, हिला लाभलं नाही. नशीब एकेकाचं. हे मी लग्नांत ऐकलं, बारशांत ऐकलं. मी मान हलवायचो. आणि चष्मा? तो मी दोनेक वर्षांत निमूट लावायला लागलो, 'वयाने परत आला' म्हणून. कुणी काही विचारलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात वहिनींच्या पणतूचं बारसं झालं. बाळाच्या मनगटात काळ्या मण्यांच्या मनगट्या घालायच्या होत्या. आमच्या घरात त्या कधी विकत आणल्या नाहीत. वहिनी म्हणाल्या, "मी गाठवते, चार दिवस द्या." नातसुनेच्या माहेरची कुणी हसून म्हणाली, "राहू दे आजी. हौसेने डोळे घालवलेत, आता बाळावर प्रयोग नको." सगळे हसले. पुठ्ठ्यावर टोचलेल्या तयार मनगट्या कुणीतरी पर्समधून काढल्या. वहिनींनी त्या हातात घेतल्या, अंगठ्याने गाठ चाचपली आणि म्हणाल्या, "बऱ्या आहेत." माझ्या पुढ्यात पेढ्याची बशी आली. मी पेढा तोंडात घातला. मोरीत जाऊन थुंकलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याकडे गेलो. त्या जमिनीवर बसून करंजा बंदरावरून आणलेली बारीक सुकी मासळी, जवळा, निवडत होत्या. डोळे मिटलेले, बोटं चालू. घरभर तो खारट कुजका वास. मी उभ्याउभ्याच सांगितलं. पोथी पाठ होती ते. चिकटलेल्या पानांचं. शिबिरात पोथी मुद्दाम नेली ते. डॉक्टरांचं वाक्य. शेवटी फॉर्मचं.

त्यांची बोटं फॉर्मशी येईपर्यंत थांबली नव्हती.

"काय लिहायला सांगितलंत?"

"गृहिणी."

"तिने विचारलं होतं? बारीक कामाचं?"

"हो."

"आणि महिनाभर घरी लेन्स लावून बघायला देतात असंही म्हणाली?"

"हो."

त्यांनी जवळ्याचं ताट जरा पुढे सारलं आणि म्हणाल्या, "पोथीचं मला कळायला हवं होतं. तुम्ही वाचताना कधी अडखळत नसायचा. वाचणारा माणूस अडखळतो." आणि पुन्हा निवडू लागल्या. "माझ्यासमोर कशाला रडता? मला हसणारे देवळात बसतात. तिथे सांगा."

श्रावणात सांगितलं. पहिल्याच संध्याकाळी चष्मा लावून बसलो, पोथी उघडण्याआधी सगळ्यांना म्हणालो की त्या वर्षी मी वाचत नव्हतो, पाठ म्हणत होतो, मला अक्षर दिसत नव्हतं, आणि माझ्यावर विसंबून वहिनींनी डोळे घालवले. पुढच्या रांगेतल्या एका आजी हात जोडून म्हणाल्या, "मास्तर, आख्खी पोथी पाठ? केवढं पुण्य." दुसऱ्या म्हणाल्या, "उगीच मनाला लावून घेता. डोळे काय, ज्याचं त्याचं प्रारब्ध." एकीने नातवाला पुढे ढकलून माझ्या पाया पडायला लावलं. मी पाय मागे घेतले तर त्यांना तो विनय वाटला. त्या संध्याकाळी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं गेलं, तसं शालीच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. मी पोथी उघडली आणि वाचू लागलो.

वहिनी त्या दिवशी आल्या नव्हत्या. मी जाऊन सांगितलं.

"पाया पडले?"

"हो."

त्या हसल्या. बरंच हसल्या, डोळ्यांना पदर लावेपर्यंत. मग म्हणाल्या, "पोथीचं सांगितलंत. फॉर्मचं?"

मी चष्मा काढून पुसू लागलो.

"म्हणजे ज्याने तुम्ही मोठे दिसता तेवढंच सांगून आलात."

मी म्हणालो, लिहून काढतो. सगळं. ज्याला वाचायचं तो वाचेल. त्या म्हणाल्या, "लिहा, पण आधी मला वाचून दाखवा. पाठ करून येऊ नका."

काल वाचून दाखवलं, कागद हातात धरून, अडखळत. भावाचे हात थरथरायचे तिथे त्यांनी मान हलवली. उलव्याच्या बाईशी त्या हसल्या. 'गृहिणी'पाशी त्यांनी पुढचं वाचा म्हणून हाताने खुणावलं. वसाहतीतल्या बाईंच्या ठिकाणी मी मूळ असं लिहिलं होतं की गाठ सैल राहिली तो वहिनींचा दोष नव्हता, दोष माझा होता. तिथे त्यांनी मला थांबवलं.

"ते काढा."

"का? खरं आहे ते."

"डोळे तुम्ही घालवलेत, ते तुमच्या नावावर राहू द्या. गाठ माझी होती. ती बसली की नाही हे बोटाला कळतं, त्याला डोळा लागत नाही. त्या दिवशी मी घाबरले होते, बोटाचं ऐकलं नाही. ती चूक माझ्या हाताची आहे. तीही तुम्ही घेतलीत तर मग मी गादीवर बसून केलं काय?"

मी ती ओळ खोडली.